गिराण नव्हे, नकलेतली चूक

देवगडकडच्या आमच्या गावगटांवर सध्या एक संदेश फिरतोय. आखूड हातपायांच्या एका बाळाचा फोटो आणि खाली मजकूर: ‘निरोगी माणसाचा डीएनए आपोआप कधीच बदलत नाही. बदलला तर कारण बाहेरचंच असतं: मोबाईलचा टॉवर, कलमांवरची फवारणी, नाहीतर आईने ग्रहण न पाळणं. पणजीच्या काळी अशी मुलं होत नव्हती.’

आमच्या वाडीत अशी एक मुलगी आहे. सहा वर्षांची, पाढे घडाघडा म्हणणारी. तिच्या आईला पहिल्या दिवसापासून ऐकावं लागतंय, “गिराणात भायर पडली, म्हणान ह्या झाला.” हा संदेश त्या आईच्या फोनवरही आला. मी जीवशास्त्र शिकवते. गप्प बसणं मला जमणार नाही.

‘डीएनए आपोआप बदलत नाही.’ बदलतो, आणि रोज बदलतो. डीएनए म्हणजे समोरासमोरचे दोन धागे, आणि त्यांवर ए, टी, जी, सी ही चार रासायनिक अक्षरं: ‘ए’समोर ‘टी’, ‘जी’समोर ‘सी’. एक पेशी दुभंगताना अशा सुमारे ६४० कोटी अक्षरजोड्यांची नक्कल करावी लागते. नक्कल करणारं विकर (एन्झाइम) साधारण लाखात एकदा चुकीचं अक्षर बसवतं. हिशेब करा: एका नकलेत ६४ हजार चुका. विकर चुकलेलं अक्षर तिथल्या तिथे काढून टाकतं, तेव्हा त्यातल्या शंभरातल्या नव्याण्णव जातात. उरलेल्या शोधणारी दुसरी यंत्रणा मागून येते. तिचा उलगडा करणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. एवढं होऊनही एखादी चूक निसटते.

आमच्या भजनी मंडळाची वही मी दोनदा उतरवली आहे. जिथे एकच नाम सात-आठ वेळा ओळीने येतं, तिथे मी दोन्ही वेळा चुकले. एकदा एक नाम जास्त पडलं, एकदा कमी. डीएनएतही तीच तीच अक्षरं ओळीने आली की धागा घसरतो आणि एखादा तुकडा वाढतो किंवा गळतो. वहीला कोणी विष घातलं नव्हतं.

‘कारण बाहेरचंच असतं.’ हे १९४३ मध्येच तपासून झालंय. साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी जिवाणू वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले आणि मग त्यांच्यावर त्यांना मारणारा विषाणू सोडला. काही जिवाणू वाचतात, कारण त्यांच्या डीएनएत बदल झालेला असतो. विषाणूमुळेच बदल होत असता, तर प्रत्येक नळीत वाचलेले जिवाणू साधारण सारखेच निघाले असते. निघाले कुठे एकही नाही, कुठे शेकडो. म्हणजे विषाणू येण्याआधीच, वाढता वाढता बदल झाला होता. जिथे तो लवकर झाला, तिथे त्याची प्रजा मोठी.

तंबाखूचा धूर, क्ष-किरण, कडक उन्हातले अतिनील किरण डीएनए बिघडवतात, हे खरंच आहे. फवारणी करताना तोंड-नाक झाकायलाच हवं. पण टॉवरच्या लहरींत डीएनएचे बंध तोडण्याइतकी ताकद नसते. आणि ग्रहणात सूर्य तोच असतो, उजेड तेवढा कमी.

‘आईने पाळलं नाही.’ इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. या मुलीच्या आजाराचं नाव अकॉन्ड्रोप्लेझिया. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात, बहुतेक वेळा एकाच ठरावीक जागी, ‘जी’च्या जागी ‘ए’ येतो. ही जागाच नाजूक. समोरच्या धाग्यावरच्या ‘सी’चा अमिनो गट (अणूंचा एक छोटा पुंजका) गळून तिथे ‘टी’ होऊ शकतो, आणि दुरुस्तीआधी नक्कल झाली की चूक पक्की होते. या आजाराच्या दर दहातल्या सुमारे आठ मुलांचे आईबाप सर्वसाधारण उंचीचेच असतात, आणि तो नवा बदल जवळजवळ नेहमी बापाच्या शुक्राणूतून येतो. म्हणजे गर्भ राहण्याआधीच सगळं घडून गेलेलं असतं. त्यानंतर आई ग्रहणात बाहेर पडली काय, घरात बसली काय!

आता बोट बापाकडे वळवू नका. शुक्राणू घडवणाऱ्या पेशी वर्षाला सुमारे २३ वेळा दुभंगतात, त्यात कोणाचा काय दोष? प्रत्येक बाळ असे साठ-सत्तर नवे बदल घेऊनच जन्मतं. तुमचं, माझंही. बहुतेकांचा काही परिणाम होत नाही.

‘पणजीच्या काळी नव्हतं.’ चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये सेनेब नावाचा मोठा अधिकारी होता. कैरोच्या संग्रहालयात त्याचा पुतळा आहे. आखूड पायांची मांडी घालून बसलेला, शेजारी बायको, आणि जिथे एरवी पाय खाली आले असते तिथे दोन मुलं उभी.

त्या मुलीच्या आईला दुसरं मूल हवंय, पण ती घाबरते. मी तिला सांगितलं, पुन्हा असंच होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे, जनुकतज्ज्ञ डॉक्टरांशी एकदा बोलून घे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “बाई, ह्या माझ्या सासूक सांगशात?” रविवारी जाणार आहे.