‘भगवे नाहीत तो गुरू कसला?’ म्हणणाऱ्यांना

आषाढी पौर्णिमा, म्हणजे गुरुपौर्णिमा, जवळ आली की गावोगावच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो: ‘गुरू संन्यासीच असावा. संसारी माणसाकडून घेतलेला मंत्र फळत नाही. गिरी, पुरी, भारती हे सगळे संन्यासीच.’ तिन्ही वाक्यं चुकीची आहेत.

मुळात ही पौर्णिमा ज्या व्यासांची, ते शुकमुनींचे वडील, म्हणजे पोरंबाळं असलेलेच.

आता आपल्याकडचंच बघा. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे चाकरीतला माणूस. नाथ त्यांच्याकडे हिशेब लिहीत. एका पैची चूक रात्रभर जागून सापडली तेव्हा नाथांनी आनंदाने टाळी वाजवली, आणि ‘एवढं चित्त देवाकडे लाव’ असं गुरू म्हणाले, ही आख्यायिका पैठणात पोरासोरांना पाठ असते. पुढे गुरूच्याच आज्ञेने नाथांनी लग्न केलं. मग नाथांचा मंत्र फळला नाही म्हणायचं का?

गुरुमंत्र आणि संन्यासदीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोळ होतो तो इथेच. वारकऱ्याची तुळशीची माळ १०८ मण्यांची. ती ज्ञानेश्वरीवर ठेवतात आणि जाणता वारकरी गळ्यात घालतो. दारू-मांस बंद, एकादशी आणि वारी धरायची, शेती-संसार चालूच. संन्यासात आधी अष्टश्राद्धं, म्हणजे आठ श्राद्धं, त्यात स्वतःचंही. मग मुंडण, विरजाहोम (संन्यासाआधीचा शुद्धीचा होम), शेंडी-जानव्याचा त्याग, शेवटी दंड आणि भगवी वस्त्रं. बायकोची खरी संमती नसेल तर पाया कच्चा. ज्ञानेश्वरांचे वडील, आपेगावचे विठ्ठलपंत, यांनी असाच संन्यास घेतला; गुरूनेच त्यांना घरी परत पाठवलं, आणि त्याची शिक्षा पोरांनी भोगली. होमाग्नी सोडलेला म्हणून संन्यासी तुमच्या वास्तुशांतीला यजमानपूजा सांगत नाही. त्याला भटजीच लागतो.

राहिली आडनावं. गिरी, पुरी, भारती, तीर्थ ही दशनामी, म्हणजे संन्याशांच्या दहा नावांच्या, परंपरेतली नावं खरी. पण मराठवाड्यातले गिरी-पुरी-भारती बहुतेक गोसावी, बायकापोरांचे, शेती-नोकरीवाले. मयताला बसवून समाधी देण्याची चाल मात्र त्यांनी जपली आहे. त्यांना संन्यासी समजून पाया पडलात तर तेच ओशाळतील.

उलट खरा संन्यासी हवाच असेल तर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आठवा. दीक्षा घेतलेली, भगवे अंगावर, आणि तरी अंबाजोगाईत मुख्याध्यापकी केली, १९३८ चा निजामाविरुद्धचा सत्याग्रह केला, त्याच्या तुरुंगात गेले, पुढे लोकसभेतही बसले.