पुरावा जोडला आहे

तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या माणसाला आपले शिकवणे कसे चालले आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. मागच्या बाकांवरची कुजबुज तासाच्या कितव्या मिनिटाला सुरू झाली यावरून त्याला त्या दिवसाचा निकाल कळतो, आणि जुना विद्यार्थी बसस्थानकावर दिसल्यावर पुढे येतो की मोबाइलमध्ये तोंड खुपसतो यावरून दूरगामी परिणामांचाही अंदाज येतो. आमच्या संस्थेला मात्र ही पद्धत अशास्त्रीय वाटली. शिक्षकदिनी ‘उत्कृष्ट अध्यापन पुरस्कार’ द्यावा असे व्यवस्थापनाने ठरवले, आणि तो दुसऱ्याने सुचवायचा नसून ज्याचा त्यानेच मागायचा असा नियम केला. आपण उत्कृष्ट आहोत हे आपणच लेखी कळवायचे, प्रत्येक विधानासमोर पुरावा जोडायचा, आणि मग ते खरे आहे की नाही हे समितीने ठरवायचे, अशी एकूण योजना होती.

परिपत्रकात ‘प्रत्येक विभागातून किमान एक अर्ज अपेक्षित’ असे वाक्य होते, आणि आमच्याकडे ‘अपेक्षित’ असलेल्या गोष्टी सायंकाळी पाचपर्यंत कराव्या लागतात. विभागप्रमुखांनी यंत्र विभागाच्या स्टाफरूमकडे नजर टाकली. एक मॅडम पीएचडीच्या रजेवर होत्या. ज्येष्ठ सरांनी निवृत्ती जवळ आल्याचे सांगून आपल्या उत्कृष्टतेचा आता संस्थेला उपयोग नाही हे नम्रपणे पटवून दिले. दोघे तासिका तत्त्वावरचे होते आणि त्यांना नियमानुसार उत्कृष्ट होण्याची परवानगी नव्हती. उरलो मी.

“सर, तुमचं नाव टाकतो,” विभागप्रमुख म्हणाले. “मुलं तुमच्याबद्दल बरं बोलतात.”

“काय बोलतात, सर?”

“ते तुम्हीच परिशिष्टात जोडा.”

अर्जाचा सांगाडा परका नव्हता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या सेवानियमांत अध्यापकाच्या कामाचे चहूबाजूंनी मूल्यमापन करण्याची एक पद्धत दिलेली आहे. तिच्यात अध्यापनाला २५, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला २५, विभागातील कामाला २०, आणि संस्थेतील काम, गोपनीय अहवाल व समाजासाठीचे योगदान यांना प्रत्येकी १० असे शंभर गुण आहेत. निम्मे गुण वर्गात जे घडते त्याला राखून ठेवलेली ही वाटणी मला तरी समंजस वाटते. आमच्या संस्थेने ती जशीच्या तशी घेतली आणि तिच्यात फक्त एक कलम स्वतःचे घातले: एका गुणामागे किमान दोन कागद.

पहिल्या रकान्यात नियोजित तास आणि प्रत्यक्ष घेतलेले तास यांचे प्रमाण मागितले होते. मुलांना बेंडिंग मोमेंटच्या, म्हणजे भाराखाली बीमला कुठे किती वाकवले जाते ते दाखवणाऱ्या, आकृत्या जमेनात म्हणून मी काही जादा तास घेतले होते, त्यामुळे टक्केवारी शंभराच्या पुढे गेली आणि संगणकावरच्या तक्त्याने ती नाकारली. लेखनिकांनी मला समजावून सांगितले की शंभरापेक्षा जास्त शिकवण्याची सोय या तक्त्यात नाही. तेव्हा आकडा जुळण्यासाठी मी जादा तास कागदावरून मागे घेतले. मुलांकडून ते परत मागता येण्यासारखे नसल्याने तो विषय तिथेच थांबला.

त्यानंतर फलनिष्पत्तीचे प्रकरण आले. तंत्रशिक्षणात न वावरणाऱ्या वाचकासाठी हे थोडे सांगावे लागेल. आपण काय शिकवले यापेक्षा विद्यार्थ्याला काय आले हे पाहावे, हा या पद्धतीचा मूळ विचार आहे, आणि ज्यांनी तो मांडला त्यांच्याशी माझे काडीचेही भांडण नाही. १९९४ साली स्थापन झालेल्या आणि तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रिडिटेशनच्या मूल्यांकनात पदविकेच्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत काय मिळवावे याची सात फलिते ठरलेली आहेत. पहिले विषयज्ञानाचे आहे आणि सातवे आजीवन अध्ययनाचे. प्रत्येक विषयाची स्वतःची फलिते वेगळी असतात. त्यांचा या सातांशी संबंध कमी असेल तर १, मध्यम असेल तर २ आणि घट्ट असेल तर ३ असा आकडा लावायचा, मग गुणांवरून कोणते फलित कितपत साधले ते काढायचे. तंत्रशिक्षण मंडळाच्या निकालात प्रश्नवार गुण नसतात, लेखी परीक्षेचा सत्तरपैकी एकच आकडा असतो. त्यामुळे सळईचा ताण काढता येणे आणि बीमची आकृती काढता येणे या दोन निराळ्या गोष्टींना तोच आकडा वाटून द्यावा लागतो. त्यात घटक चाचणीचे प्रश्नवार गुण मिसळायचे, सत्राअखेर मुलांनी भरलेल्या प्रश्नावलीचा अंश घालायचा, आणि शेवटी दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर लिहायचे.

माझ्या गेल्या वर्षीच्या तिसऱ्या सत्राच्या वर्गाचे आजीवन अध्ययन १.८७ भरले.

वर्गातील बहुतेक मुले तेव्हा सतरा वर्षांची होती. आम्ही ठेवलेले लक्ष्य १.८० असल्यामुळे त्यांचे आजीवन अध्ययन हिवाळी परीक्षेच्या निकालाबरोबरच पूर्ण झाले, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. मी हे विभागप्रमुखांच्या नजरेस आणले. ते गंभीर झाले, पण निराळ्या कारणाने. लक्ष्य साधले की पुढच्या वर्षी ते वाढवावे लागते आणि साधले नाही तर सुधारणेचा कृती आराखडा लिहावा लागतो, ही आमची अंतर्गत पद्धत आहे. म्हणून मुरलेले अध्यापक लक्ष्य असे बेताने ठेवतात की ते केसभर हुकावे आणि आराखड्याला विषय मिळावा. माझ्या वर्गाने लक्ष्य ओलांडून विभागाच्या नियोजनात अडचण आणली होती.

‘नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती (छायाचित्रांसह)’ या रकान्यात मी खडू असे लिहिले. पदार्थ भाराखाली कसा ताणतो, वाकतो आणि तुटतो हा माझा विषय, आणि त्यात खडूइतके चांगले साधन नाही. तो वाकवून मोडला तर सरळ तुटतो आणि दोन्ही टोकांना धरून पिळला तर पंचेचाळीस अंशांच्या मळसूत्री रेषेत तुटतो, कारण ठिसूळ पदार्थ कातरला जाण्याआधी ताणाने फाटतो. हे फळ्यावर सिद्ध करायला अर्धा तास लागतो. प्रत्येक मुलाच्या हातात खडूचा तुकडा दिला तर मिनिटभरात सगळ्या वर्गाला पटते आणि पोरे घरी जाऊन धाकट्या भावंडांनाही करून दाखवतात. परंतु छायाचित्रावर तारीख, वेळ आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश छापलेले असणे बंधनकारक होते. सहकाऱ्याचा मोबाइल पृथ्वीवरील आमचे स्थान शोधू लागे आणि ते सापडेपर्यंत वर्गातील खडू मोडून झालेले असत. दोनदा तसे झाल्यावर मुलांनी मोडलेले तुकडे जुळवून, ते आता पिळले जाणार आहेत अशा चेहऱ्याने उभे राहण्याची तयारी दाखवली. अभिनय इतका चांगला झाला की समितीला तेच छायाचित्र सर्वांत परिणामकारक वाटले. संपलेल्या खडूंबद्दल भांडारपालांनी मात्र विचारणा केली. खडू जडसंग्रहात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदीत, येत नसून उपभोग्य वस्तूंत येतो, आणि त्याचा उपभोग फळ्यावरच घ्यायचा असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

या अर्जात मला खरोखर लिहायचे होते ते वेगळेच होते. आमच्या प्रयोगशाळेत एक जुने यूटीएम, म्हणजे पदार्थाची ताकद तपासणारे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, आहे. त्याच्या जबड्यात सौम्य पोलादाची सळई पकडून ती तुटेपर्यंत ताणायची, हा तिसऱ्या सत्रातील प्रयोग. यंत्र चालवणारे परिचर, ज्यांना सगळे संकुल मामा म्हणते, ते स्वतः दहावीपर्यंत शिकलेले आहेत. भार वाढत जातो, तबकडीवरचा काटा ऐटीत पुढे सरकत असतो, आणि एका जागी तो घुटमळतो. भार वाढत नाही पण सळई लांबतच राहते. पुस्तकात याला यील्ड पॉइंट म्हणतात आणि त्याची व्याख्या मुले परीक्षेत दोन गुणांसाठी लिहितात. मामा त्या क्षणी यंत्रावरून हात न काढता म्हणतात, “बघा रे, काटा दमला.” यील्ड पॉइंटचे याहून चांगले स्पष्टीकरण मी आजवर ऐकलेले नाही, आणि मी त्या विषयावरची दोन अभ्यासशिबिरे प्रमाणपत्रासह पूर्ण केलेली आहेत.

एके दिवशी मामांनी तसे म्हटले आणि थोड्या वेळाने काटा पुन्हा वर चढू लागला. तेव्हा वर्गात एरवी फक्त हजेरीला तोंड उघडणाऱ्या एका मुलाने विचारले, “सर, दमल्यावर परत जोर कुठून आला?” धातूच्या स्फटिकांत काय घडते, एकदा ताणलेले पोलाद जास्त चिवटपणे का लढते, थंड अवस्थेत ओढलेली तार मूळ सळईपेक्षा मजबूत का होते, हे सारे त्या एका प्रश्नात होते. मी बोलत राहिलो, मामांनी यंत्र मंद केले, सळईला मध्येच मान पडली, म्हणजे ती एका जागी बारीक झाली, आणि मोठा आवाज होऊन ती तुटली. एका तुकड्याला वाटीसारखा खळगा आणि दुसऱ्याला त्यात बसणारा सुळका, अगदी आकृतीत असतो तसा. पुढच्या बॅचची मुले दाराशी येऊन उभी राहिली तरी आधीची बॅच हलेना. त्या तासाचे एकही छायाचित्र नाही, कारण ज्यांच्याकडे मोबाइल होते ते सगळे काट्याकडे पाहत होते.

पुराव्याच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली. विभागप्रमुखांनी ती परत पाठवली. रिकामा रकाना म्हणजे शून्य गुण, असे त्यांनी कळकळीने समजावले. मग मी तुटलेल्या सळईचे दोन्ही तुकडे सुतळीने फाइलीला बांधले आणि ‘परिशिष्ट ९’ अशी चिठ्ठी लावली. फाइल समितीकडे पोचण्यापूर्वीच भांडारपालांनी अडवली. प्रयोगात तुटलेले पोलाद भंगार म्हणून वजनावर जमा करायचे असते, ते परिशिष्टात लावता येत नाही, असा नियम त्यांनी दाखवला आणि माझ्या उत्कृष्टतेचा सर्वांत वजनदार पुरावा तराजूवर ठेवून नोंदवहीत उतरवून घेतला. मामांचे नाव ‘सहभागी अध्यापक’ म्हणून घातले होते, तेही पात्रतेच्या कारणावरून गळाले. मामांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले की पुढच्या खेपेला तरी जबड्याला ग्रीस मिळेल का.

विद्यार्थ्यांचे अभिप्राय ऑनलाइन भरून घेतले गेले. बहुतेकांनी पहिल्या प्रश्नाला दिलेले उत्तर शेवटपर्यंत नेले होते. काहींनी माझ्या नावासमोर गणिताच्या मॅडमविषयी कृतज्ञता व्यक्त केली होती, जी मी त्यांच्यापर्यंत पोचवली. एकाने ‘सर चांगले शिकवतात पण मागचा पंखा बंद आहे’ असे लिहून पाचपैकी तीन गुण दिले होते. पंख्याचे दोन गुण माझ्यातून गेल्याबद्दल दाद मागण्याची तरतूद अर्जात नव्हती.

विभाग आणि संस्थेच्या कामाचे गुण सोपे होते, कारण आमच्याकडे समित्या माणसांपेक्षा जास्त आहेत. तीच सहा माणसे एका टेबलाभोवती बसून राहतात आणि इतिवृत्ताची वही बदलली की समिती बदलते. समाजासाठीच्या योगदानात मी दरवर्षीची प्रवेशमोहीम लिहिली: निकालाच्या दिवसांत आम्ही सगळे अध्यापक मोटारसायकलींवरून गावोगावच्या शाळांत जाऊन दहावीच्या मुलांना आणि पालकांना पदविकेचे महत्त्व सांगतो, जागा भरल्या नाहीत तर पगाराचे काय होते हे आम्हाला ठाऊक असल्यामुळे तळमळीने सांगतो. समितीने त्यावर शेरा मारला की हे योगदान समाजासाठी आहे की संस्थेसाठी ते स्पष्ट करावे. माझ्या मते हा त्या साऱ्या प्रक्रियेतला एकमेव खोल प्रश्न होता.

पुरस्कार संगणक विभागातील सरांना मिळाला. ते शिकवतातही चांगले. पण त्यांच्या फाइलीत प्रत्येक परिशिष्टाला निराळ्या रंगाचा विभाजक आणि मोबाइल धरताच पुरावा उघडणारा चौकोनी कोड होता, आणि समितीतील दोघांना तो उघडून पाहण्यात इतका आनंद वाटला की बाकीच्या फाइली दुपारच्या चहापर्यंत आवरल्या गेल्या. समारंभ छान झाला. प्राचार्यांनी आपल्या भाषणात जाहीर केले की या उत्कृष्टतेचा लाभ सर्वांना मिळावा म्हणून विजेते सर संपूर्ण अध्यापकवर्गासाठी ‘अध्यापनातील उत्कृष्टता’ या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतील.

त्यानुसार संस्थेतील सर्व तासिका दोन दिवस स्थगित करण्यात आल्या आणि सगळे अध्यापक सभागृहात बसले. माझ्या तिसऱ्या सत्राचे यूटीएमचे प्रयोग नेमके त्याच दोन दिवसांत होते. मुले प्रयोगशाळेच्या दारावरची सूचना वाचून घरी गेली. बुडालेले प्रयोग मी शनिवारी घेतले आणि विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून त्यांची वेगळ्या नोंदवहीत सही-तारखेसह नोंद केली. पुढच्या वर्षीच्या अर्जात ‘विद्यार्थ्यांसाठी घेतलेले जादा परिश्रम’ या नव्या रकान्याला पाच गुण आहेत, आणि त्यासाठी ती नोंद चालेल असे त्यांनी आधीच विचारून ठेवले आहे.