जॅनिस जॉप्लिन नुसती किंचाळत नव्हती

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: साठच्या दशकातली अमेरिकी रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन हिला गाता येत नव्हतं, ती नशेत किंचाळायची, तिची गाणी कृष्णवर्णीय गायिकांकडून ढापलेली होती, आणि शेवटी बरेच नामवंत गायक-वादक ज्या वयात गेले त्या २७व्या वर्षाच्या ‘शापाने’ तिला गाठलं.

पहिला आरोप सगळ्यात जुना आणि सगळ्यात चुकीचा. टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या गावात १९४३ साली जन्मलेली ही मुलगी शाळकरी वयातच बेसी स्मिथ, लेड बेली, ओडेटा या कृष्णवर्णीय गायक-गायिकांच्या रेकॉर्ड ऐकून त्या गळ्यावर चढवत होती. १९६५ मध्ये नशेने पार खंगून ती सॅन फ्रान्सिस्कोहून घरी परतली, नशा सोडली, पुन्हा कॉलेजात नाव घातलं. त्या काळातही ती गिटार घेऊन ऑस्टिनमध्ये गात होतीच. आवाज नशेतून येत असता, तर ते महिने मुके गेले असते.

आणि मुळात ऐका तरी! ‘मी अँड बॉबी मगी’ ती जवळजवळ बोलल्यासारखं सुरू करते. गळ्याची सगळी ताकद शेवटासाठी राखून ठेवते आणि मगच मोकळी सोडते. ‘मर्सिडीज बेंझ’मध्ये तर साथीला वाद्यच नाही, तरी लय कुठे हलत नाही. फाटलेला स्वर कधी लावायचा आणि कधी आवरायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. याला किंचाळणं म्हणणाऱ्याने बहुधा तिच्या एखाद्या गाण्याचा शेवटचा मिनिटच ऐकलाय.

‘ढापलेली गाणी’ या मुद्द्यात मात्र एक खरी वेदना आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात जॅनिस ज्या ‘बॉल अँड चेन’ने गाजली, ते गाणं बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेचं. जॅनिस आणि तिच्या बँडने ते त्यांच्याकडून ऐकलं, त्यांची परवानगी घेतली, लय संथ करून आपल्या पद्धतीने बांधलं. पण गाण्याचे हक्क रेकॉर्ड कंपनीने स्वतःकडे ठेवले होते, त्यामुळे जॅनिसची रेकॉर्ड तुफान खपली तरी त्यातली रॉयल्टी थॉर्नटन यांच्या हाती पडली नाही. हा अन्याय खरा आहे. गोऱ्या गायिकेसाठी जे दरवाजे उघडले ते त्यांच्यासाठी बंद राहिले, हेही खरं. पण तो दोष त्या धंद्याचा आणि त्या समाजाचा. जॅनिस आपण कुणाकडून शिकलो ते लपवत नव्हती, उघड नावं घेत होती. बेसी स्मिथ १९३७ साली वारल्या तेव्हापासून त्यांच्या कबरीवर साधा दगडही नव्हता. १९७० च्या ऑगस्टमध्ये तो बसला, तो जॅनिस आणि जुआनिता ग्रीन या दोघींच्या पैशांनी. ढापणारी माणसं असं वागत नाहीत.

राहिला शाप. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात २७व्या वर्षी वादकांच्या आणि गायकांच्या मृत्यूचं प्रमाण विशेष वाढलेलं आढळलं नाही. धोका विशीत आणि तिशीत सगळीकडेच जास्त होता. जॅनिस ४ ऑक्टोबर १९७० रोजी लॉस एंजेलिसच्या हॉटेलात वारली ती हेरॉइनच्या अतिमात्रेने. ‘पर्ल’ या अल्बमचं काम तेव्हा जवळपास संपत आलं होतं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत नऊ आठवडे पहिला होता.