समोरच्या बाईची मेणबत्ती

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक रील फिरलं. मंडळी म्हणजे चर्च, तिकडचं महाराष्ट्रातलं, लहानपणचं. मला इथे इंग्लंडात एक्सेटरला येऊन ११ वर्षं झाली तरी त्यांनी मला ग्रुपमधून काढलेलं नाही आणि मीही लेफ्ट झालेले नाही. रीलमध्ये एक गोरी पोरगी, गळ्यात क्रूस, पुढ्यात टॅरोचे म्हणजे भविष्य बघायचे पत्ते, आणि ती सांगतेय की मी ख्रिश्चन विच आहे, सकाळी स्तोत्रं वाचते आणि पौर्णिमेला स्पेल म्हणजे मंत्रविधी करते. झालं, ग्रुप पेटला. एका काकांनी 'शेवटचा काळ' लिहून हात जोडले, एका मावशींनी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १८वा अध्याय, जादूटोण्याला मनाई करणारा, अख्खा चिकटवला, आणि एका पोरानं लिहिलं की आपल्याकडे असती तर जादूटोणा कायद्याखाली आत गेली असती. मग मला टॅग केलं, तू तिकडेच आहेस ना, खरंच असं चालतं का. उत्तर लांबलचक आहे, ग्रुपवर टाकलं तर पाळकसाहेब ग्रुपच बंद करतील, म्हणून इथे लिहितेय.

चालतं. माझ्या समोरच्याच घरात चालतं. तिथली बाई रिटायर्ड नर्स, दर रविवारी चर्चला जाते, क्वायरमध्ये गाते, आणि तिच्या खिडकीच्या फळीवर मरियेचा वीतभर पुतळा, बाजूला मिठाची वाटी, ओकची दोनचार सुकी फळं आणि निळ्या रुमालात गुंडाळलेला टॅरोचा कॅट. २ फेब्रुवारीला तिच्या चर्चमध्ये कॅन्डलमस असतो, बाळ येशूला मंदिरात नेलं त्याची आठवण, त्या दिवशी मेणबत्त्यांवर आशीर्वाद मागतात. ती तिथली मेणबत्ती घरी आणते आणि संध्याकाळी त्याच मेणबत्तीवर इम्बोल्क करते. इम्बोल्क हा विक्कन लोकांच्या (विक्का हा जादूविधी मानणारा एक नवा धर्म, त्याबद्दल पुढे) वर्षातल्या ८ सणांपैकी एक, थंडी सरायला लागल्याचा, आणि तो ब्रिजिडच्या नावाशी जोडलेला, जी आयर्लंडमध्ये संत पण आहे (१ फेब्रुवारी तिचाच दिवस) आणि त्याच नावाची जुनी देवी पण.

एका वर्षी मला बोलावलं. मी दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले, मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना चालू. तिनं मिठाचं पाणी शिंपडत स्वतःभोवती गोल घेतला, पूर्वेकडे तोंड केलं, आणि आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मी कान टवकारले तर पहिलं नाव राफाएल. मग दक्षिणेला मीखाएल, पश्चिमेला गब्रिएल, उत्तरेला उरीएल. म्हणजे आमचेच देवदूत की! मला हसावं की घाबरावं कळेना.

नंतर वाचलं तेव्हा समजलं की ही चार नावं तिनं स्वतः जुळवलेली नाहीत. १८८८ साली लंडनमध्ये गोल्डन डॉन नावाचं एक गुप्त मंडळ निघालं, त्यांच्या विधीत चार दिशांना हेच चार देवदूत होते, आणि त्या मंडळात बायबल, ज्यूंची गूढविद्या कब्बाला, इजिप्तचे देव असं सगळंच एका भांड्यात होतं. पुढे जेराल्ड गार्डनरनं १९५४ मध्ये पुस्तक लिहून विक्का लोकांसमोर आणली, त्याच्या विधींतही अशा मंडळांकडून उचललेलं बरंच आहे. म्हणून इथले काही विक्कन चिडतात ना, की ख्रिश्चन येऊन आमचं शुद्ध बिघडवतात, आमच्याकडे देव आणि देवी दोघं आहेत, पाप ही भानगडच नाही, तुमचा क्रूस इथे कशाला, तेव्हा मला गंमत वाटते. विक्का हा एक धर्म, वय ७० च्या आसपास. विचक्राफ्ट म्हणजे नुसते विधी आणि मंत्र, ते कुठल्याही धर्मात राहून करता येतात असं माझ्या शेजारणीसारख्यांचं म्हणणं. ही फार मोठी लाट आहे असंही समजू नका. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी पेगन (म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देवदेवता, निसर्ग मानणारे) लिहिलं आणि १३,००० लोकांनी विक्का. ख्रिश्चन ४६.२ टक्के, पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, आणि ३७.२ टक्क्यांनी धर्म नाही असं लिहिलं. काकांना मंडळ्या रिकाम्या होण्याची काळजी असेल तर ती त्या ३७ टक्क्यांची करावी, टॅरोवाल्या पोरीची कशाला.

सरमिसळीबद्दल आमच्या ग्रुपनं तरी नाक मुरडू नये. इंग्लंडहून गोव्याला आलेल्या फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं, ओव्यांत, आणि स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं, त्याचा आम्हाला केवढा अभिमान. रेव्हरंड टिळकांचे अभंग आम्ही उपासनेत टाळ घेऊन गातो. बरं, इथल्या चर्चचंही तेच. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितात शेत पिकत नसेल तर काय करावं याचा विधी आहे. पहाटेच्या आधी शेताच्या चार कोपऱ्यांतली गवतासकट चार ढेकळं काढायची, त्यांवर तेल, मध, यीस्ट, गुरांचं दूध आणि पवित्र पाणी घालायचं, ती चर्चमध्ये न्यायची, पाळकानं त्यांवर चार मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणायच्या, गवताची बाजू वेदीकडे करून, आणि सूर्य मावळायच्या आत ढेकळं जागेवर परत, खाली मत्तय, मार्क, लूक, योहान लिहिलेले लाकडी क्रूस ठेवून. आणि मग नांगर धरताना हाक कुणाला, तर 'एर्के, एर्के, एर्के, धरतीच्या आई'! हे करणाऱ्या शेतकऱ्याला तू ख्रिश्चन की पेगन असं विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता.

तरी मला ते पटतं का? नाही. मावशींनी टाकलेला अध्याय मीही वाचलाय, शकुन पाहणारा, मंत्रतंत्र करणारा, मृतांना विचारणारा, सगळे परमेश्वराला नकोसे. पण माझी अडचण त्या यादीपेक्षा साधी आहे. शेजारणीचा मुलगा तिच्याशी बोलत नाही, ३ वर्षं झाली. त्याचा फोन यावा म्हणून तिनं लाल दोऱ्याला ९ गाठी मारल्या, प्रत्येक गाठीला एक ओळ म्हणत. मी म्हटलं, अगं प्रार्थना कर ना, हे कशाला. ती म्हणाली, ही प्रार्थनाच आहे, हात लावून केलेली. मी म्हटलं, क्रूसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू म्हणाला माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आणि तुझ्या गाठीत तर तुझीच इच्छा आवळलेली आहे, देवाला जागा कुठे ठेवलीस. त्यावर ती शांतपणे म्हणाली, तुझी आई आजारी होती तेव्हा उशाखाली बायबल ठेवलं होतंस असं तूच सांगितलंस, ते वाचायला ठेवलं होतंस का?

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही, खरं सांगायचं तर.

आता त्या पोराच्या कायद्याचं. भाऊ, कायदा वाच. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आधी वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा आला, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. मेणबत्ती लावणं, पत्ते मांडून बसणं हा त्यात गुन्हा नाही. चमत्काराच्या नावानं लोकांना फसवून पैसे उकळले तर गुन्हा. आणि अमकी करणी करते, तिच्यामुळे गुरं आटली, ती सैतान आहे असं जाहीर करून तिला जगणं मुश्किल केलं, तर तो गुन्हा. म्हणजे त्या रीलखाली 'ही चेटकीण आहे, हिला धरा' लिहिणारे तुम्हीच कायद्याच्या जवळ जाताय, ती नाही. इथेही तसंच झालं होतं. १७३५ च्या विचक्राफ्ट कायद्यानं चेटकिणीला फाशी देणं संपवलं आणि जादू येते असं ढोंग करणाऱ्याला एक वर्ष तुरुंग ठेवला. तोही कायदा १९५१ मध्ये गेला, आणि गार्डनरचं पुस्तक त्यानंतरचं.

माझी शेजारीण मात्र ९० लाख विचेस जाळल्या असं अजून सांगते, तो आकडा खोटा आहे. युरोपभर तीन शतकांत मिळून ४० ते ६० हजार असा इतिहासकारांचा अंदाज आहे, तोही काही कमी नाही, आणि इंग्लंडमध्ये तर जाळत नसत, फासावर देत. त्या गुप्त देवीच्या भक्त होत्या हेही खोटं, त्या बहुतेक बाप्तिस्मा झालेल्या साध्या बायका होत्या. आमच्या एक्सेटरच्या जुन्या किल्ल्याच्या दाराशी एक पाटी आहे, तिच्यावर बिडफर्ड गावच्या तिघींची नावं आहेत, टेम्परन्स लॉईड, मेरी ट्रेम्बल्स, सुझाना एडवर्ड्स, १६८२ साली फाशी. गरीब, म्हाताऱ्या, भीक मागून जगणाऱ्या. पाटी वाचताना मला नंदुरबारकडच्या डाकीण ठरवलेल्या बायका आठवतात. तिथेही बहुतेक वेळा एकटी बाई, तिचा जमिनीचा तुकडा, आणि गावात कुणाचं तरी पोर आजारी. त्यांतल्या एकीनंही स्वतः होऊन मी डाकीण आहे असं म्हटलेलं नाही.

आणि माझी शेजारीण पोस्टमनला हसत सांगते, मी विच आहे. पोस्टमन म्हणतो, ओके, इथे सही करा.

तिच्याशी मी वाद घालते, घालणार, गाठींवरून तर रोज घालते. पण ग्रुपवर जेव्हा 'तुझी शेजारीण पण चेटकीणच ना' असं आलं तेव्हा मी मेसेज डिलीट करायला लावला. विच हा शब्द तिनं स्वतः घेतलाय, या गल्लीत तिचं काही बिघडत नाही म्हणून तिला तो घेता आला. आपल्या मराठीत तो शब्द दुसऱ्यांनी लावायचा असतो. रीलचं भाषांतर करताना हे कुणी बघत नाही.

परवा रात्री अनुवाद १८ वाल्या मावशींचा मला वेगळा मेसेज. ग्रुपवर नको, म्हणाल्या, पण तुझ्या त्या बाईला विचार ना, मला वर्षभर झोप नाही, तिच्याकडे काही असतं का. विचारलं. शेजारीण म्हणाली, आधी डॉक्टरला दाखव म्हणावं, दुपारनंतर चहा बंद, आणि झोपताना चौथं स्तोत्र, शेवटची ओळ दोनदा. मावशींना तसंच कळवलं. त्यांनी लगेच विचारलं, मेणबत्ती लावायची का?