"सरळ बसतं" म्हणे! या, बसवून दाखवा

तीन शनिवार गेले. गाडी अजून स्टँडवरच आहे, पुढची दोन्ही चाकं भिंतीला टेकून उभी आहेत, आणि "काही कापाकापी नाही, सरळ बसतं" असं ठणकावून विकलेला ब्रेकचा सेट बसायचं नाव घेत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली आहे, म्हणून लिहितोय.

गाडी 1971ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क फोर, छोटी स्पोर्ट्स कार. मी राहतो त्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतच, कॅनलीच्या कारखान्यात बनलेली. पुढे 9 इंची डिस्क, मागे 7 इंची ड्रम. ब्रेकच्या ऑइलचं सर्किट एकच, म्हणजे कुठेही एक होज (रबरी नळी) फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. अशा गाडीचे सुटे भाग विकताना माणसाने जरा तरी जबाबदारीने वागावं की नाही?

सेटमधले कॅलिपर, म्हणजे पिस्टनच्या जोरावर डिस्क पकडणारे चिमटे, मोठ्या पिस्टनचे, सोबत मोठ्या डिस्क. पहिल्या शनिवारी कॅलिपर लावला आणि चाक चढवलं, तर 13 इंची रिम आतून कॅलिपरला घासते! दुकानदाराला फोन केला. "मग स्पेसर घाला." म्हणजे चाक बाहेर ढकलायचं, बेअरिंगवर जादा ताण घ्यायचा, आणि याला म्हणायचं सरळ बसणं.

पण खरा संताप आट्यांचा आहे. माझ्या गाडीची ब्रेकची नळी जुन्या इंची मापाची, तीन-अष्टमांश इंच यूएनएफ (इंची आट्यांचं एक मानक), इंचाला 24 आटे. या नव्या कॅलिपरला आटे पाडलेत मेट्रिक, एम10 बाय 1. इंची नटाचा व्यास साडेनऊ मिलिमीटरच्या जेमतेम वर, आणि भोक 10चं. तो नट हाताने फिरवला तर गुमान आत जातो! नवख्या माणसाला वाटेल, बसला की. पाना लावून आवळला की तो नीट घट्ट होत नाही, आटे नुसते टोकाटोकाला धरून राहतात. आणि भर रस्त्यात कुणी जिवाच्या आकांताने पेडल दाबलं की नळी उपटून बाहेर. सर्किट एकच आहे, पुढचं सांगायला नको. खोक्यावर, कागदावर, जाहिरातीत कुठेही मेट्रिक हा शब्द नाही. हे मला माफ करता येत नाही. रिम घासली तर आवाज तरी येतो.

आणि मुळात हा सेट घ्यायलाच नको होता, हे मला कुणी सांगितलं नाही. जो तो एकच सांगतो, मोठे ब्रेक टाक. अरे, गाडी जेमतेम पाऊण टनाची! जुने ब्रेक जर चाक लॉक करू शकत असतील, तर थांबायचं अंतर टायरची पकड ठरवते, डिस्कचा व्यास नाही. मोठी डिस्क उष्णता जास्त पेलते, ते उतारावर किंवा शर्यतीत कामाचं. बाजारात जायला नाही. शिवाय पिस्टन मोठा केला आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की नळ्यांत ऑइल ढकलणारा) तोच ठेवला, तर ऑइल जास्त लागतं आणि पेडल आणखी खोल जातं. पुढचा जोर वाढतो, मागचे ड्रम आहेत तिथेच. सेट विकताना यातलं अवाक्षर कुणी काढत नाही. भोकं पाडलेल्या डिस्कचे चकचकीत फोटो मात्र दहा.

माझ्या बाबांकडे पुण्यात स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासला बनायची, स्पिटफायर तिच्याच घराण्यातली. चारही चाकांना ड्रम. ड्रम तापले की फुगतात, पेडल खाली जातं. कात्रजचा घाट उतरताना बाबा दुसऱ्या गिअरमध्येच असत आणि आई दाराचा दांडा घट्ट धरून बसे. तो हात मला अजून दिसतो. म्हणून ब्रेकच्या बाबतीत "चालतंय की" हा शब्द मी ऐकून घेत नाही.

इथे तर चालतंयच. मे 2018पासून 40 वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. क्रोम आरशासारखं घासतील, सीटला नवं चामडं चढवतील, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं विचारलं तर आकाशाकडे बघतील. ते ऑइल हवेतलं पाणी पितं! डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू ताजेपणी किमान 230 अंश, पाणी शोषलं की मानकाने धरलेली किमान मर्यादा 155. उतारावर ते उकळलं की नळीत वाफ आणि पेडल फरशीला. दोन वर्षांनी ऑइल बदलायला असा किती खर्च येतो? रबरी होजही तसेच, बाहेरून धड आणि आतून सुजलेले. ऑइल जातं पण परत येत नाही, चाक धरून ठेवतं, आणि लोक दोष देतात कॅलिपरला.

दुकानदाराचं शेवटचं उत्तर कालच आलं. एकदा बसवलेला माल परत घेत नाही. बसलाच नाही हो तो! हेच तर तीन आठवडे सांगतोय.

आता जुने कॅलिपर उघडलेत. पिस्टन गंजलेले निघाले, स्टेनलेस स्टीलचे मागवलेत, नवी सील, नवे होज. डिस्क हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मागे बोल्टने बसते, त्यामुळे हबही काढलाय, गंज खरवडून बसायची जागा स्वच्छ केलीय. 9 इंचीच साध्या डिस्क, भोकं नाहीत. दुकानदाराला दोन्ही आट्यांचे फोटो पाठवलेत, शेजारी पट्टी ठेवून. जाहिरात आज सकाळपर्यंत तशीच होती.