‘मुंगूस सोडलं असतं तर विष लागलंच नसतं’: नेमकं उलटं घडलंय

कॅरिबियन समुद्रात अँटिग्वा बेटाजवळ एक दुर्मीळ साप वाचवायला उंदरांना विष घातलं गेलं, यावर एक मजकूर व्हॉट्सॲपवर भरपूर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: निसर्ग आपला समतोल स्वतः राखतो. जो साप तगला नाही तो दुबळाच. विषाने बाकीचे जीवही मरतात. त्यापेक्षा मुंगूस सोडायचं. आणि एवढं करून उंदीर परत येतातच.

पटकन पटेल असं लिहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो. सुरुवात मुंगसापासून, कारण तेच या सापाच्या मुळावर आलं.

1872 मध्ये एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून जमैकात नऊ मुंगसं नेली, चार नर आणि पाच माद्या. उंदरांपासून ऊस वाचवायचा होता. सुरुवातीला उंदीर खरंच कमी झाले, मळेवाले खूश झाले आणि हे आपल्याकडचं मुंगूस बेटामागून बेटांवर सोडलं गेलं. अँटिग्वावरही. पण मुंगूस दिवसा आणि जमिनीवर शिकार करतं. जहाजांतून आलेला काळा उंदीर रात्री बाहेर पडतो आणि सरसर झाडावर चढतो. दोघांची गाठ पडणार कधी? मुंगसाच्या तावडीत सापडले ते दिवसा जमिनीवर वावरणारे सरडे, साप, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी. अँटिग्वन रेसर हा असाच दिवसाचा साप. जेमतेम मीटरभर लांब, माणसाला निरुपद्रवी, पाचोळ्यात दबा धरून सरडे पकडणारा. विसाव्या शतकात तो नामशेषच मानला गेला होता. शेवटी सापडला तो किनाऱ्यालगतच्या ग्रेट बर्ड आयलंड या चिमुकल्या बेटावर, जिथे मुंगूस पोचलेलं नव्हतं. 1995 च्या मोजणीत जगभरात मिळून साधारण 50 साप उरले होते.

आता ‘दुबळा’ या शब्दाबद्दल. तो वाचताना मला राग येतो. आपल्याकडचे साप मुंगसांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या वाढले. अँटिग्वाच्या सापाने असा शिकारी कधी पाहिलाच नव्हता. ना मुंगूस, ना उंदीर. ग्रेट बर्डवर पकडलेल्या कितीतरी सापांच्या अंगावर उंदरांच्या चाव्यांचे व्रण होते, कित्येकांच्या शेपट्या तुटलेल्या होत्या. उंदीर अंडीही फस्त करत होते. आपणच जहाजातून शत्रू नेऊन सोडायचा आणि मग म्हणायचं, बघा, निसर्गानेच निवड केली!

समतोलाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. ग्रेट बर्डवरचे उंदीर विष घालून काढल्यावर दोनेक वर्षांत सापांची संख्या जवळपास दुप्पट झाली. समुद्रपक्ष्यांचीही वीण सुधारली. नंतर रॅबिट, ग्रीन आणि यॉर्क या शेजारच्या बेटांवरचे उंदीर काढून तिथे साप सोडले, आणि एकूण संख्या हजाराच्या वर गेली. समतोल परत आला तो माणसाने आपली चूक निस्तरल्यावर.

विषाबद्दलची काळजी मात्र रास्त आहे, ती उडवून लावू नये. अशा मोहिमांत वापरलं जाणारं ब्रोडिफॅकम हे रक्त गोठू न देणारं विष आहे आणि ते उंदरांपुरतंच थांबत नाही. गॅलापागोसमधल्या पिंझोन बेटावर 2012 मध्ये हेलिकॉप्टरमधून ते टाकलं, तेव्हा तिथले ससाणे आधीच पकडून सुरक्षित ठेवले होते. तरी सोडल्यानंतर त्यांतले काही मेले, कारण त्यांनी खाल्लेल्या सरड्यांच्या अंगात विष उरलं होतं. त्यातून धडा घ्यायचा तो कधी, कुठे, किती घालायचं याचा. कारण त्याच पिंझोनवर उंदीर शंभराहून अधिक वर्षं महाकाय कासवांची पिल्लं खात होते, म्हणून 1965 पासून अंडी उचलून दुसऱ्या बेटावर उबवावी लागत होती. उंदीर गेल्यानंतर दोनच वर्षांत बेटावर जन्मलेली पिल्लं दिसली.

आणि सगळीकडे विषच वापरतात असंही नाही. अँटिग्वाच्याच रेडोंडा बेटावर उंदरांसाठी विष घातलं, पण तिथलं सगळं हिरवं खाऊन संपवणाऱ्या शेळ्या पकडून जिवंत अँटिग्वाला हलवल्या.

उंदीर परत येतात? येतात. पर्यटकांच्या बोटींतून येतात, जवळच्या किनाऱ्यावरून पोहत येतात. ग्रेट बर्डवरही आले होते. म्हणून तिथे पहारा कायमचा असतो, उंदरांनी कुरतडाव्यात अशा वड्या ठेवून त्यांवर दातांचे ठसे शोधत राहायचे. कंटाळवाणं आणि खर्चिक काम आहे, पण निष्फळ नाही. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर 1979 मध्ये हाबू या विषारी सापाचा बंदोबस्त म्हणून मुंगसं सोडली. हाबू रात्रीचा, मुंगूस दिवसाचं, त्यामुळे मारले गेले तिथले दुर्मीळ ससे. ती चूक निस्तरायला अनेक वर्षं सापळे लावावे लागले. 2024 मध्ये जपानने बेट मुंगूसमुक्त जाहीर केलं.

कॅरिबियनमधल्याच सेंट लुशिया बेटाचा रेसर साप आज फक्त मारिया मेजर या बेटावर उरलाय. त्याची संख्या शंभराच्या आत असावी, असा दशकापूर्वीचा अंदाज. मुंगसांनी भरलेला किनारा तिथून एक किलोमीटरही दूर नाही.