मध बुडाला म्हणून शुद्ध ठरत नाही

‘ग्लासभर पाण्यात चमचाभर मध सोडा. सरळ तळाशी बसला तर शुद्ध, पाण्यात मिसळला तर भेसळ.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. हल्ली त्याला विज्ञानाचं शेपूटही जोडलेलं असतं: शुद्ध मधाची घनता १.४२, तेव्हा वजन भागिले आकारमान करा, १.४२ आलं की बिनधास्त खा. मधात बुडवलेली काडेपेटीची काडी पेटली तर सोन्याहून पिवळं. आकडा बरोबर आहे. गडबड आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

आधी बुडण्याचं बघू. पाण्याची घनता मिलीलीटरला १ ग्रॅम. त्याहून जड द्रव हळूच सोडला की खाली जाणारच. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी, दोन्ही वजनाने घेऊन केलेल्या पाकाची घनता १.३३ भरते. तो गार करून ग्लासात सोडा, तोही गुमान तळ गाठतो. आणि अस्सल मध कोमट पाण्यात ढवळला तर विरघळतोच. न विरघळून सांगतो कुणाला, त्यात मुख्यतः साखराच आहेत.

आता १.४२. हा हिशोब घरी खरंच करता येतो. रिकामी बरणी समजा ११२ ग्रॅम. खुणेपर्यंत पाणी भरल्यावर ३६२, म्हणजे पाणी २५० ग्रॅम आणि जागा २५० मिली. बरणी पुसून कोरडी करून त्याच खुणेपर्यंत मध भरला, वजन ४६७. मध ३५५ ग्रॅम. ३५५ भागिले २५०, उत्तर १.४२. पण मध खुणेच्या नुसता ५ मिली वर गेला, तर त्याचं वजन भरतं ३६२ ग्रॅम आणि आपण भागतो २५० नेच. उत्तर १.४५. मधात अडकलेले हवेचे बुडबुडे आकडा उलट खाली ओढतात. एवढी चूक स्वयंपाकघरातल्या काट्यावर सहज होते.

आणि भेसळीने घनता बदलते तरी किती? मक्याच्या फ्रुक्टोज सिरपची घनता साधारण १.३८. ७० मिली मध म्हणजे ९९.४ ग्रॅम, त्यात ३० मिली सिरप म्हणजे ४१.४ ग्रॅम. एकूण १०० मिलीला १४०.८ ग्रॅम, घनता १.४१. तीस टक्के भेसळ करूनही आकडा जेमतेम एका शतांशाने हलला! उलट सह्याद्रीच्या दमट पट्ट्यातला सातेरीचा, म्हणजे आपल्या देशी मधमाशीचा मध घ्या. पोळ्यातल्या मेणाने बंद न झालेल्या घरांतून काढला असेल तर त्यात पाणी २० टक्के किंवा त्याहूनही जास्त निघतं. २० टक्क्यांना घनता १.४० च्या आसपास येते. म्हणजे या परीक्षेत भेसळवाला पास आणि महाबळेश्वरच्या जंगलातला मध नापास.

काडीचं फार बोलायला नको. गूल ओलं झालं तर काडी पेटत नाही, एवढंच त्यातून कळतं.

भेसळ पकडायची तर साखर कुठून आली ते शोधावं लागतं. ऊस आणि मका यांच्या साखरेतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण फुलांच्या मकरंदाहून वेगळं असतं, म्हणून प्रयोगशाळेत ती सापडते. तांदळाचं सिरप मात्र या चाचणीतून निसटतं. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचे नमुने तपासले, तेव्हा एनएमआर चाचणीत, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूंची ओळख पटवणाऱ्या तपासणीत, १० नापास झाले. त्यातले बरेचसे नेहमीच्या चाचण्यांत पास झाले होते. जिथे प्रयोगशाळेची चाचणी फसते, तिथे ग्लासभर पाणी काय दिवे लावणार?

घनता मोजणं फुकट जातं असं मात्र नाही. आकडा १.३७ वगैरे आला, आणि बुडबुडे नसतील, तर मधात पाणी फार आहे आणि तो आंबू शकतो, एवढं नक्की. शुद्ध असला तरी. शिवाय रस्त्याकडेला ६५० मिलीच्या बिअरच्या बाटलीत मध विकायला असतो आणि भाव सांगताना ‘किलोभर आहे’ म्हणतात. ६५० गुणिले १.४२, म्हणजे ९२३ ग्रॅम. तेही बाटली गळ्यापर्यंत भरलेली असेल तर.